पसाभर रेती

८ डिसेंबर २०२४

प्रिय चंदाताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. धानाची चुरणी आटोपली, पोती घरात आली. माझ्या अभ्यासिकेत आता अकरा मुली येतात, त्यातल्या दोघी तर शेजारच्या गावातून सायकलने.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू दर वेळी विचारतेस, "खांदा बरा आहे नं?" आणि मी "हो" म्हणून विषय बदलते. कागदावर तसं करता येत नाही.

ताई, खांदा बरा नव्हता. तुझ्या लग्नापासून यंदाच्या पावसाळ्यातल्या धानाच्या रोवण्यापर्यंत नव्हता. आता बराच सुधारला आहे हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचता वाचता तू रडायला लागशील.

उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. वेणी आई घालून द्यायची. मी म्हणायचे, मला तिच्याच हातची आवडते. अभ्यासिकेतल्या मुली म्हणायच्या, मॅडमचा फळा अर्ध्यातून सुरू होतो.

पवनीच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "कुठे पडलात का?" मी म्हटलं, नाही, ओझं उचललं. त्यांनी त्यावरच्या गोळ्या दिल्या. मग हाडं बसवणाऱ्या परसरामबुवांकडून तेल चोळून घेतलं, तर हात आणखीच आखडला.

खोटं का बोलले, ते सांगायलाच हे पत्र. हळद लागल्यावर नवरीनं गावाची शीव ओलांडू नये, म्हणतात. तू नको नको म्हणत होतीस. मीच म्हटलं, "मी ग्रॅज्युएट झाले ते हे मानायला?" आणि तुला पिवळ्या साडीत गाडीवर बसवून पवनीला उसाचा रस प्यायला नेलं. येताना तू चालवत होतीस. ट्रकमधून सांडलेल्या रेतीवर गाडी घसरली. तू मऊ रेतीत पडलीस, खरचटलंही नाही. मी खांद्यावर पडले आणि हसत उठले.

तुला वाटतं, तुझ्या लग्नात विघ्न नको म्हणून मी गप्प राहिले. सुरुवातीचे चार दिवस ते खरं होतं. नंतर मी स्वतःसाठी गप्प राहिले. कळलं असतं तर गाव म्हणालं असतं, पाहा, शीव ओलांडली आन् पडल्या. मला ते ऐकायचं नव्हतं. बायकांना "डॉक्टरपासून काही लपवू नका" असं घरोघरी सांगत फिरणारी मीच.

रोवण्याच्या वेळी माझ्या हातून पऱ्ह्यांची पेंडी सुटली आणि धानाची रोपं बांधीतल्या चिखलात पसरली. आईनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला भंडाऱ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनीही तेच विचारलं. मी "ओझं" एवढंच म्हटलं, तोच आई म्हणाली, "गाडीवरून पडली जी ते. बहिणीच्या हळदीच्या दिवशी."



एमआरआय झाला. खांद्याच्या आतला स्नायू अर्धवट फाटलेला होता, आणि दुखतो म्हणून हात हलवलाच नाही, त्यानं सांधाही आखडला होता. ऑपरेशन नको, पण व्यायाम रोज करायचा, तीन-चार महिने. डॉक्टर म्हणाले, पडल्या पडल्या सांगितलं असतं तर इतकं लांबलं नसतं.

बाहेर बाकावर बसल्यावर मी आईला विचारलं, "तुले कसं मालूम?"

"हळदीचं लुगडं म्याच धुतलं नं. पसाभर रेती निघाली."

"मंग बोलली काहून नाहीस?"

"तू बोलशील म्हून वाट पाहून राहिली होती. मले वाटलं शिकलेली पोरगी हाय, डाक्टरले तं खरं सांगन."

मी म्हटलं, शीव ओलांडली म्हणून तू रागावली असशील.

"हळदीनं थोडी पाडलं तुमाले? रेतीनं पाडलं. नवरीले घरात ठेवतात, ते मायजवळ तेवढेच दोन दिवस राहाते म्हून. त्यातले दोन घंटे तू घेऊन गेली. त्याचा राग हाय मले. अजून हाय."

ताई, कॉलेजच्या तीन वर्षांत मला ही गोष्ट कुणी सांगितली नाही, आणि मीही कुणाला विचारली नाही.

फिजिओथेरपीच्या रिता मॅडमनी भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायला शिकवलं. बोटं पोचतील तिथे आई रोज कोळशानं रेघ मारते. बाबा म्हणतात, "या वयात पोरगी वाढून राहिली." परवाची रेघ दाराच्या चौकटीवर गेली. काल वेणी मी माझी मी घातली. वाकडी झाली. आईनं सोडून पुन्हा घातली, पण घालताना गुणगुणत होती.

आता तुझं. तू लग्नापासून गाडीला हात लावला नाहीस, असं भाऊजी सांगत होते. म्हणजे माझ्या "हो"वर तुझा कधीच विश्वास बसला नाही. चूक तुझ्या हाताची नव्हती, ताई. आई म्हणते तेच खरं, रेतीची होती. उरलेली माझी.

संक्रांतीला ये. आठ दिवस राहा, आईचे दोन घंटे व्याजासकट फिटू दे. पवनीच्या स्टँडवर मी गाडी आणि दोन हेल्मेट घेऊन उभी राहीन. लांबून दिसावं म्हणून हात वर करीन, उजवा. तिथून घरापर्यंत गाडी तू चालवायची.

तुझ्या मागे बसणारी,
रीना