क्वाम्स

मंगळवार, संध्याकाळ. कर्वेनगर

आज कॉलवर अमेरिकेतल्या साहेबांनी विचारलं, नसरीनला कामावरून कमी करण्याबद्दल तुला काही ‘क्वाम्स’ आहेत का? मला वाटलं, काही शंका आहेत का म्हणून विचारताहेत. ‘नो’ म्हणून मोकळी झाले. नसरीन माझ्या टीममधली सर्वांत चांगली टेस्टर. बाळंतपणाच्या रजेवर आहे, एवढाच तिचा दोष.

घरी येऊन बाबांना अर्थ विचारला.

“आधी उत्तर, मग अर्थ. छान!” बाबा म्हणाले. “अगं, एखादी गोष्ट करण्याआधी मन कचरतं ना, ते. केल्यानंतर वाटतो तो पश्चात्ताप.”

म्हणजे क्वाम्स होते की मला! मग शब्द कळला असता तर हो म्हटलं असतं? खरंच?

नसरीनला अजून कळवलेलं नाही. म्हणून लगेच साहेबांना फोन लावला. म्हटलं, “सर, मला क्वाम्स आहेत. रजेवर असताना तिला काढणं बरोबर नाही.”

“उद्या बोलू,” एवढंच म्हणाले.

“आता बरं वाटतंय?” बाबांनी विचारलं.

नाही. धास्ती आहेच. ती नसरीनसाठी आहे की माझ्या स्वतःच्या नोकरीसाठी, तेच कळत नाहीये.