सर्वांत कमी मार्कांचा पेपर

१ तारीख, सोमवार
डीननी बोलावलं. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम बदलायचाय, समितीला अध्यक्ष हवाय. माझ्याशिवाय आहेच कोण? एकतीस वर्षं शरीररचना शिकवतोय. महिनाअखेर समिती माझा एक तास बघून ठरवणार. डिपार्टमेंटमधल्या धाकट्या मॅडमचाही बघणार म्हणे. बघू देत बापडे. मॅडमचं म्हणणं, पोरांनी पोरांना शिकवावं. मग आम्ही काय हाडं पुसायची?
संकल्प: आजपासून कोणावरही खेकसायचं नाही.

२ तारीख
खेकसलो. पण प्रेमाने. एक चष्मेवाली मुलगी मांडीचं हाड उलटं धरून उभी. तुझे पेशंट गुडघ्यावर बसणार का, म्हणालो. वर्ग खदाखदा हसला, ती रडली. रडलेलं विसरत नाही माणूस. ही माझी पद्धत, कुठल्याही वर्कशॉपमध्ये मिळणार नाही.

९ तारीख
डीनचं नवं खूळ. स्पॉटर परीक्षा शिक्षकांनीही द्यायची. पंचवीस टेबलं, टेबलावर एकेक अवयव, घंटा वाजली की पुढे सरकायचं, उत्तर टॅबवर टाइप करायचं. नावं नाहीत, फक्त नंबर, आणि कोणता नंबर कोणाचा ते डीनच्या पाकिटात. पेपर किती अवघड हे त्यातून कळतं म्हणे. बायको म्हणाली, एकदा पुस्तक चाळा. हसलो.

१२ तारीख, दुपारी
पेपर दिला. डाव्या हाताचा मळ. सातवं टेबल विश्रांतीचं, रिकामं. तिथे थांबायचं आणि टॅबवरची चौकट कोरी सोडायची, असं काहीतरी सूचनांमध्ये होतं. सूचना पोरांसाठी असतात. आठव्या टेबलाचं उत्तर पुढच्या रिकाम्या चौकटीत ठोकलं, तसंच सरसर शेवटपर्यंत. शेवटी एक चौकट उरली. कॉम्प्युटरवाल्याला मोजतासुद्धा येत नाही. लेखी तक्रार करायची.

१३ तारीख
तक्रार राहिली. पाठ दुखत होती.

२३ तारीख
निकाल लागला. सर्वांत कमी: चोवीसपैकी सहा. दरवेळी असा पेपर मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवतो. बाकीच्यांना धाक बसतो. समितीसमोर हेच करायचं. डीन म्हणाले, फेरविचार करा. माझ्या तासाची धास्ती घेतली त्यांनी.

२६ तारीख
आयुष्यातला सर्वोत्तम तास! समिती मागच्या बाकावर. पेपर वाचला. मूत्रपिंडाला लिहिलंय पित्ताशय. हृदयाला गर्भाशय. जिभेला टाचेचं हाड! म्हटलं, याच्याकडे खोकला घेऊन गेलात तर पायाला प्लास्टर घालून परत याल. पहिली सहा तेवढी बरोबर, ती शेजाऱ्याची पाहिली असणार. वर्ग लोळला. चष्मेवालीचाच पेपर, दुसरं कोण? तिला तासभर उभं केलं. माझा नाही सर, म्हणत होती. म्हटलं, असं सगळेच म्हणतात.
जोशात ठरावही मांडला: आठच्या खाली मार्क पडलेल्याने दोन आठवडे जादा वर्गाला बसायचं, मग तो कोणीही असो. धाकट्या मॅडमनी विचारलं, नक्की कोणीही? ठणकावून सांगितलं, कोणीही. सगळ्यांनी सह्या केल्या.

२७ तारीख
सकाळी डीननी पाकीट उघडलं.
काही लिहावंसं वाटत नाही.
एक चौकट सरकली, बाकी सगळं बरोबर होतं, हे तीनदा समजावलं. डीन म्हणाले, गेल्या वर्षी एका मुलाची अशीच चौकट सरकली होती, तुम्ही त्याला नापास केलंत. तो मुलगा वेगळा. त्याला येतच नव्हतं.
अध्यक्ष धाकट्या मॅडम. चष्मेवालीला एकोणीस.

२९ तारीख
बायको म्हणाली, आजारी आहे म्हणून कळवा. पण ठरावावर माझीच पहिली सही.

३० तारीख, सकाळी ८
जादा वर्ग. पाच पोरं आणि मी. मॅडमची नवी पद्धत: पास झालेल्यांनी शिकवायचं. शिकवायला चष्मेवाली. तिने हाड माझ्यासमोर ठेवलं आणि हळूच विचारलं, सर, हे उजवं की डावं?
डावं म्हणालो. उजवं होतं.
ती ओरडली नाही. पुन्हा पहिल्यापासून समजावलं, खुणा बोटाने दाखवल्या, कळलं का विचारलं. मी म्हणालो, हो मॅडम.
कोणीही हसलं नाही.