फौजेचा रंग

मलकापूर, ६ जानेवारी २०२५

ती. प्रेमानंददादास,
समताचा सविनय जयभीम. वि. वि. बोललं की तुला खोकला सुटतो, म्हणून फोन न करता लिहिते. उत्तमरावच्या शेडमध्ये मला रंग कालवायचं काम मिळालं. तू फौजेच्या गाड्या फवारायचास, तीच ही शेड. सासरच्या आडनावामुळे त्यानं मला ओळखलं नाही. फवारणाऱ्यांच्या तोंडाला अजूनही बाहेरची स्वच्छ हवा देणारी नळी नाही. कुणी मागितली की म्हणतो, दुपट्टा बांध बे, काई होत नाही.

रंग पक्का करणारं ते हार्डनर, ज्याच्या फवाऱ्यानं तुझी छाती गेली, तेच मी कमी टाकणार आहे. रंग सोलून निघेल आणि फौज उत्तमरावला हाकलेल. त्याचं वाटोळं झालेलं मला पाहायचं आहे. फक्त तू हो म्हण.

औषध चुकवू नकोस, लोभ आहे तसाच ठेव.
तुझी समता

देऊळघाट, ११ जानेवारी

चि. समतास मंगलकामना.
पत्र वाचून मी इतका तापलो, की आईनं कपाळाला हात लावून पाहिला. त्याचा सत्यानाश व्हावा असं तुझ्यापेक्षा मला जास्त वाटतं. पण हार्डनरला हात लावू नको. गाडीवर विषारी रसायन पडलं तर आत मुरू नये, धुऊन निघावं, म्हणून तो रंगाचा पक्का थर असतो. आत बसणार ती आपल्यासारख्याच घरची पोरं. राग त्याच्यावर काढ, रंगावर नको.

डबा वेळेवर खात जा. रागानं पोट भरत नाही, वेडाबाई.
तुझा दादा

मलकापूर, २५ जानेवारी

ती. दादास जयभीम.
काल फौजेचे साहेब तपासणीला आले. उत्तमराव छाती फुगवून सांगू लागला, की प्रत्येक गाडीला शेवटचा हात तो स्वतः मारतो. मी लगेच म्हटलं, साहेब, मालकाचा हात एकडाव पाहाच. फवारायची गन मीच भरून दिली, हार्डनर अगदी नियमानं घालून. ती हाती येताच तो माझ्या कानाशी येऊन हळूच हवेची नळी मागू लागला.

त्याला ठाऊक होतं, दादा! तुला दुपट्टा बांधायला सांगत होता, तेव्हाही सगळं ठाऊक होतं!

मी मोठ्यानं म्हटलं, दुपट्टा बांधा मालक, काई होत नाही. त्यानं गन खाली ठेवली. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा तुझं नाव घेऊन मी सारं सांगितलं. त्याचा ठेका गेला. माझंही काम गेलं, जाऊ दे.

आईला नमस्कार, तुझी माया असू दे.
समता

देऊळघाट, २ फेब्रुवारी

चि. समतास मंगलकामना.
शाब्बास! आईनं तुझ्या नावानं पुरणपोळी केली. कधी येतेस?

उत्तमरावनं माफी मागायला येतो म्हणून निरोप धाडला. मी कळवलं, या, पण मुक्कामाला या. मला आडवं झोपता येत नाही, रात्रभर बसल्या बसल्या छाती शिट्टी वाजवते. शेजारी खाट टाकून त्यानं ती ऐकावी. माफीचं सकाळी बघू.
तुझा दादा