आधी ‘झालं’, मग काम

३ मार्च, सोमवार
सगळं हॉस्पिटल माझ्यावर उखडलंय! वॉर्डातून रक्ताची मागणी टाकली की जुन्या सर्व्हरवर पापणी लवायच्या आत ‘झालं’ येतं. नव्यावर चक्र फिरतच बसतं. प्रोग्राम तोच, मशीन उलट दणकट — फरक फक्त ऑपरेटिंग सिस्टीमचा. ती निवडली कासवाने. कासव म्हणजे कॉम्प्युटर विभागातला माझा सहकारी. काहीही विचारा, आधी छताकडे बघणार, मग बोलणार.

साहेब म्हणाले, “शुक्रवारपर्यंत वेग आणा. नाहीतर जुनंच चालू ठेवू, आणि त्याला दुसरी नोकरी बघू दे.” त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत.

४ मार्च
मेमरी वाढवली. नेटवर्क तपासलं. अँटीव्हायरस बंद करून पाहिला. ढिम्म!

घरी वन्सं म्हणाल्या, “आधी जेव. मशीन कुठे पळून जात नाही.” ह्यांची मोठी बहीण. आमच्याच हॉस्पिटलात नर्स होत्या. गेल्या वर्षी एका पेशंटला रक्त मिळालं नाही, कारण सिस्टीममध्ये मागणीच नव्हती. पेशंट गेला. “मी टाकली होती,” एवढंच त्या म्हणत राहिल्या. कोण ऐकतंय! कामावरून काढलं. आता घरी बसून लोकांचे पडदे शिवतात.

५ मार्च
कासव आज बराच वेळ छताकडे बघत होता. मग म्हणाला, “नवं हळू का, हे किती दिवस विचारायचं? जुनं एवढं पटकन कसं करतं?”

६ मार्च
सापडलं! नवं मशीन नोंद डिस्कवर उतरेपर्यंत थांबतं, मगच ‘झालं’ म्हणतं. जुनं आधी ‘झालं’ म्हणून मोकळं होतं, लिहितं सवडीने. वेगासाठी कुणीतरी तसं सेटिंग करून ठेवलेलं. अगदी आमच्या ह्यांच्यासारखं! प्लंबरला फोन केला का? “झालं!” — नळ अजून गळतोय. मी हसत सुटले. कासवही हसला, जरा उशिरा.

७ मार्च, शुक्रवार
साहेबांसमोर दोन्हींवर खोट्या मागण्या टाकल्या आणि लगेच विजेच्या वायरी उपटल्या. पुन्हा चालू केलं. नव्यावर सगळ्या जागच्या जागी. जुन्यावर शेवटच्या — गायब! ‘झालं’ आलेलं साहेबांनी स्वतः पाहिलं होतं. कपाळ पुसत म्हणाले, “नवंच ठेवा.” कासवाची नोकरी वाचली! मला तर रडूच आलं.

निघताना तो म्हणाला, “लाईट गेल्यावर जुन्या सर्व्हरला सांभाळणारी बॅटरी तर कधीचीच मेलेली. म्हणजे लाईट गेली की दर वेळी हेच होत असणार.” मी चप्पल घालता घालता थांबले.

७ मार्च, घरी आल्यावर
वन्संना विचारलं, “त्या दिवशी लाईट गेली होती का हो?” त्यांनी शिलाई थांबवली. “हो गं. मागणी टाकली, ‘झालं’ आलं, आणि लगेच अंधार. तुला कुणी सांगितलं?”