उजवीकडची सीट

३ मार्च, शुक्रवार. स्कोफिल्ड्स, सिडनी

ठरलं. व्हिसाच्या अटीमुळे तीन महिने संपायच्या आत देशाबाहेर जाऊन यायला हवं. नूमेआ. फ्रेंच बोलणारं शहर, सिडनीहून विमानाने जवळ. के. येणार नाही. ती कॉलेजात प्रवेशाचं काम बघते. "आई, या वर्षी किती मुलं येतायत, तुला कल्पना नाही. मला श्वास घ्यायला वेळ नाही." खरंच नाही. जेवतानाही हेडफोन.

निखिलने (जावई) तिथे गाडी बुक करून टाकली. म्हणे बाबांना सरप्राइज. "बाबा, तिकडे उजव्या बाजूने चालवायचं हं. जमेल ना?"

"अरे, वरंधा घाट चालवलाय मी," हे म्हणाले. सगळे हसले. मीही.

तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. पण कारण काय देणार? जानेवारीत इथल्याच पेंडल हिलच्या भारतीय दुकानात यांनी वाण्याला विचारलं, इथून कोथरूडला रिक्षा मिळेल का. त्याला विनोद वाटला. घरी येताना ट्रेनमध्ये यांनी माझ्याकडून के.ची शपथ घेतली, तिला यातलं काही सांगणार नाही म्हणून. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. शपथा मानत नाही. पण मुलीची आहे. मोडवत नाही.

७ मार्च, मंगळवार. नूमेआ

पोचलो. हॉटेल समुद्रासमोर. पाट्या सगळ्या फ्रेंच. हे म्हणाले, "पाँडिचेरी काय?" नाही म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुन्हा. शेवटी हो म्हटलं. खूश झाले.

गाडी दारात उभी आहे. पांढरी, स्टीअरिंग डावीकडे. किल्ली यांच्या खिशात. सारखी चाचपून बघतात.

८ मार्च, बुधवार

सकाळ चांगली गेली. इतकी की मी सैल पडले.

उजव्या बाजूने, चौकाचौकांतून, अगदी नीट चालवली यांनी. डोकं विसरतं ते हात विसरत नसावेत. टेकडीजवळचं मोठं चर्च पाहिलं, बंदर पाहिलं. पावाच्या दुकानात यांनी मराठीतच "दोन द्या" म्हटलं, बोटं दाखवली, बाईने दोन दिले. "बघ, येतं मला फ्रेंच. तू आपली पुस्तक घेऊन बस." कित्येक दिवसांनी चेष्टा केली माझी.

मग बंदराजवळचा बाजार. निळी छपरं. मी पपई बघायला वाकले. वळले तर हे नाहीत.

अहो, अहो करत फिरले. तिथे अहोला कोण ओ देणार? फुलाफुलांचा घोळदार झगा घातलेल्या एका मासळीवालीने मला दंडाला धरून थांबवलं. स्वतःच्या छातीवर हात ठेवून नाव सांगितलं, मग माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. नाव विचारत होती. यांचं.

लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव मी तोंडाने घेतलेलं नाही. बँकेत, दवाखान्यात, लिहून देते. सांगितलं. शरद. तिने हाळी दिली, "शाराद!" पुढच्या गाळ्यावरच्याने उचललं, मग त्याच्या पुढच्याने. सगळा बाजार माझ्या नवऱ्याचं नाव ओरडत होता. मीही. घसा बसेपर्यंत.

हे पार्किंगमध्ये सापडले. आमच्याच गाडीत. पुढच्या उजव्या सीटवर, आपल्याकडे ड्रायव्हर बसतो तिथे. दोन्ही हात समोर, हवेत धरलेले.

"बाई, जरा पोलिसांना बोलावता का? स्टीअरिंग चोरलंय कुणीतरी."

बाई.

डावीकडून आत शिरले, स्टीअरिंगसमोर बसले. मला गाडी येत नाही. काचेबाहेर मासळीवाली उभी. किती वेळ, माहीत नाही. मग एकदम, "सुधा, तू काय तिथे बसलीस? ऊठ, मी चालवतो."

किल्ली मी घेतली.

"दे इकडे."

"नाही."

"चारचौघांत तमाशा नको."

"नाही म्हणजे नाही."

टॅक्सीने आलो. गाडी हॉटेलवाल्यांनी माणूस पाठवून परत केली. निखिलला कळवलं, यांचं पोट बिघडलं. लिफ्टमध्ये हे खाली बघत म्हणाले, "शपथ आहे ना?" म्हणजे त्यांना कळलंय. सगळं कळलंय आणि तरीही

१० मार्च, शुक्रवार. स्कोफिल्ड्स

सिडनी विमानतळावर अधिकाऱ्याने यांना विचारलं, कुणाकडे राहता. मी उत्तर द्यायला पुढे झाले. यांनी खणखणीत इंग्रजीत मुलीचं नाव, घराचा पत्ता, पिनकोडसुद्धा. "थँक्स, मेट." मला स्वतःला पिनकोड पाठ नाही.

बाहेर के. आणि नात रिया. "बाबा, पोट बिघडण्याआधी तरी चालवली का मनसोक्त?"

"कसली? तुझी आई किल्लीच देईना. हेडमास्तरीण!"

सगळे हसले. हे माझ्याकडे बघत नव्हते.

के. म्हणाली, ईस्टरला मेलबर्न, गाडीने. तिथे ग्लेन वेव्हर्लीला तिची मैत्रीण असते. "बाबा आणि निखिल आलटूनपालटून चालवतील. बाबांची हौस राहिली ना."

रिया: "येस! आय विल सिट बिहाइंड आजोबा!"

११ मार्च, शनिवार

स्वयंपाकघरात टेबलाशी बसून लिहितेय. के. समोर. शनिवारीही कॉल. सांगलीकडची कुणी मुलगी येतेय, तिच्या वडिलांना धीर देतेय. "काका, अजिबात काळजी करू नका. आम्ही आहोत ना इथे."

मी म्हटलं, केतकी, बोलायचंय. तिने बोट वर केलं. एक मिनिट.

शपथ हिची. मागच्या सीटवर हिची मुलगी. कुणाला कुणावरून ओवाळून टाकायचं?

खिडकीतून दिसतंय. ड्राइव्हवेत निखिलची गाडी. हे पुढे बसलेत, उजव्या सीटवर. रियाला शेजारी बसवलंय, काहीतरी दाखवतायत, ती खिदळतेय. इथे त्या सीटसमोर स्टीअरिंग असतं.

भिंतीवरच्या खिळ्याला किल्ली दिसत नाही.

के.चं बोट अजून वरच. हेडफोन मीच काढते तिच्या कानावरचा.