दोनशे चौदा लिंका

४ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून पायथन शिकायचं, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा. साहेबांनी काल जाहीर केलं, स्टॉकचं रजिस्टर बंद, त्या जागी कॉम्प्युटर प्रोग्रॅम. तो जो लिहील त्याला वरच्या मजल्यावर खिडकीजवळचं टेबल. दुसरा खाली गोदामात. उमेदवार दोनच, मी आणि डिस्पॅचच्या बाई. महिनाअखेरीस निकाल, म्हणजे लागल्यातच जमा. बाई अजून प्रिंटरला हात लावायला घाबरतात.
संकल्प: रोज एक तास. आधी मात्र उत्तम साधन शोधायचं. पाया कच्चा नको.

५ मार्च
शोधलं. कोट्यवधी निकाल! सगळं फुकट! माणसं किती चांगली असतात! अंगावर काटाच आला. अठ्ठावीस लिंका साठवल्या.

७ मार्च
पहिल्या व्हिडिओतले गुरुजी चार मिनिटं 'लाइक करा' एवढंच सांगत होते. बंद. दुसऱ्यांचा आवाज बरा, पण मागे पंखा खडखडतो. तिसरा बारा तासांचा. हाच! सुट्टीच्या दिवशी एका बैठकीत उरकून टाकीन.

९ मार्च, सुट्टी
बैठक झाली नाही. खुर्ची धड नाही. प्रोग्रॅमरने कसल्या खुर्चीत बसावं यावर सात व्हिडिओ पाहिले. डोळे उघडले.

१२ मार्च
लिंका ९६. कुठली कशाची तेच आठवेना, म्हणून एक्सेलमध्ये यादी. नाव, तास, गुरुजींचा स्वभाव, मी दिलेले तारे. रंगही भरले. काय दिसते! बायकोला दाखवली. म्हणाली, छान आहे, पण अहो, यातलं वाचलंत किती? तिला संशोधन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती मधेच गॅस बंद करायला गेली ती आलीच नाही.

१५ मार्च
डिस्पॅचच्या बाई जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर एकच पान वाचत बसतात. काल तेच, आजही तेच. शिवाय वहीत काहीतरी खरडतात. माझा जीव तुटला. यादी देऊ केली. तर म्हणाल्या, नको हो, मला हे एकच झेपेल. हट्टी बाई.

१९ मार्च
पायथन कॉम्प्युटरवर टाकायला घेतलं. पण व्हर्जन कुठलं? यावर इंटरनेटवर दोन तट आहेत. एका गृहस्थाशी तीन तास वाद घातला. शेवटी त्याने उत्तर देणं सोडलं. मी जिंकलो! पायथन टाकायचं राहिलं.

२३ मार्च
मुलगी म्हणते, बाबा, एक ओळ तरी लिहून बघा. आजकालच्या पोरांना धीर म्हणून नाही.

२९ मार्च
लिंका २१४. यादी पूर्ण!! वर फिल्टर लावलाय. 'शांत गुरुजी, दोन तासांच्या आत' म्हटलं की नऊ जण हजर! घरभर नाचलो. परवाची चिंता मिटली.

३१ मार्च, दुपारी
आधी बाईंनी दाखवलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, रंगाचं नाव नाही. पण 'वॉशर' टाइप केलं की किती शिल्लक ते येतं.
मग मी यादी उघडली. फिल्टर चालवून दाखवला. साहेबांनी विचारलं, यात वॉशर किती ते कुठे कळतं? मी म्हणालो, ते कसं काढायचं हे कुठे शिकता येईल, ते कळतं. साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

२ एप्रिल
गोदाम. खिडकी नाही. रेंज नाही. सकाळपासून वॉशर मोजतोय. आकडा वर बाईंच्या प्रोग्रॅममध्ये जातो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इथे लिहायला काय हरकत आहे, थोडं रडूही आलं.
चार वाजता बाई स्वतः खाली आल्या. इथे रेंज नाही म्हणून त्यांच्या त्या पानावरचा पहिला धडा कागदावर छापून आणला होता. म्हणाल्या, बघा, जमेल तुम्हालाही. खोक्यावर बसून वाचला. सगळं समजलं.
अकरा मिनिटं लागली.