तात्यांच्या ट्रकातला पोकळ टर्बो

उद्यमनगर, कोल्हापूर
नोव्हेंबर १९८३, मंगळवार, जेवणाच्या सुट्टीत

ती. दाजींना, नेसरी मुक्कामी, धाकट्या मेव्हण्याचा म्हंजे कृष्णाताचा वाकून नमस्कार.

दाजी, आधी गुन्हा सांगतो, मग तब्येत इचारतो, कारण तब्येत इचारत बसलो की माझं धाडस वाळतंय. तात्यांच्या ट्रकला जो टर्बो बसवलाय तो मी मारला. मुद्दाम न्हाई, पण हौसेनं मारला. झालं, सांगितलं. आता तुमचा गुडघा कसा हाय? म्हस व्याली का? आक्काला सांगा मी रोज आंघूळ करतोय (थंडी सोडून) आणि तिनं दिलेली शेंगदाण्याची चटणी संपली.

आपल्या हंबीरराव तात्यांनी मला लहानाचा मोठा केला आणि अजून त्याचा पस्तावा करत्यात, हे तुमास्नी ठावं हायच. त्यांचा ट्रक मातूर तुमी घाटात बघितलेला न्हाई. रत्नागिरीला गूळ न्ह्यायचा आणि येताना जांभ्याचे चिरे भरून आंबा घाट चढायचा, हा धंदा. उतरताना बरा होता. चढताना मी, म्हंजे ट्रकचा किन्नर (तुमच्या मिल्ट्रीत क्लीनर म्हणत्यात तो), खाली उतरून चालत वर जायचो, हाटेलात भजी खायचो, तोंड धुवायचो, हाटेलवाल्याची सगळी भांडणं ऐकून घ्यायचो, आणि मग आमचा ट्रक वळणावर दिसायचा. एकदा एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन आमाला मागं टाकून गेली. वर खिडकीकडं बघून म्हणाली, “पावणं, ढकलू काय?” तात्या दोन दिवस जेवलं न्हाईत.

त्या म्हातारीनं माझं वाटोळं केलं. तात्यांनी ठरवलं, ट्रक भंगारात काढायचा. आणि ट्रक न्हाई म्हंजे किन्नर न्हाई, म्हणून मला परत धाव्वीला बसवायचं. चौथ्यांदा! सतरा नंबरचा फारम आणला, भरला, सही केली, फक्त तारीख मोकळी ठेवली. दाजी, मला वाघापुढं बसवा, पण बीजगणितापुढं नको. तीन बारीला मी त्याला आणि त्यानं मला वळखलं न्हाई.

म्हणून मी निसार मिस्त्रींच्या पाया पडलो. (त्यांचं गॅरेज फौंड्रीच्या बोळात हाय. बोटाला वंगण न लागलेला माणूस ते घरात घेत न्हाईत.) ते म्हणाले, धरणाच्या कामावरचा एक डंपर मोडीत निघालाय, त्याचा टर्बो चांगला हाय, तो बसवू. तात्यांस्नी त्यांनी असं समजावलं: इंजिनातनं धूर वाया जातोय, त्या धुरानं एक चक्री फिरवायची. त्याच दांड्याला दुसरी चक्री, ती बाहेरची हवा आत कोंबती. हवा जास्त म्हंजे डिझेल नीट जळणार, ताकद जास्त. तात्यांनी इचार केला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “म्हंजे वाया गेलेल्यालाच कामाला लावायचं. मिस्त्री, ह्याच्यासाठी पण कायतरी बगा की.”

तीन आठवडे काम चाललं. टर्बो डंपरचा, इंजिन आमचं, दोघांची तोंडं जुळंनात. मग लाकडी साचा केला, शेजारच्या फौंड्रीत नवं तोंड ओतलं, तेलाची नळी वाकवली. हवेचा जुना पाईप सोडवला तर आतनं धोतराचा एक बोळा निघाला, काळा कुळकुळीत. मिस्त्रींनी तो लांब फेकला आणि आमी कामाला लागलो. तात्यांनी टर्बोला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि अख्ख्या मार्केट यार्डात सांगून आलं की आता आमचा ट्रक शिट्टी मारत घाट चढणार.

मिस्त्रींनी मला एकच गोष्ट दहादा बजावली. “रेस करून इंजिन एकदम बंद करायचं न्हाई. आतली चक्री भिंगरीगत फिरत असती, आणि इंजिन थांबलं की तेल थांबतंय. दोन मिनिटं हळू चालू दे, मग बंद.” मी व्हय म्हटलं. मग मिस्त्री शाहूपुरीत बोल्ट आणायला गेलं.

दाजी, तुमी मिल्ट्रीत पंधरा वर्सं गाड्या चालवल्या, तुमीच सांगा, रेस करून एकदम बंद केल्यावर त्याचा जो आवाज येतोय, सुंईईईई करून खाली उतरत जाणारा, तो ऐकून कुणाचं मन भरंल? मी एकदा ऐकला. मग तालमीतनं गणपतीचा कर्णा आणला आणि टर्बोच्या तोंडाला लावला (आवाज मोठा व्हावा म्हणून, दुसरा काय हेतू न्हाई). परत रेस, परत बंद. आणि शेजारच्या फौंड्रीतली सगळी माणसं हातातलं टाकून डबे उघडून बसली! त्यांस्नी वाटलं जेवणाचा भोंगा झाला. सकाळचे अकरा वाजलेले. मालक भाईर आलं, हातातलं घड्याळ बघितलं, कानाला लावलं, हलवलं, आणि मुकाट काटे फिरवून एकवर आणलं. आता मला सांगा, ह्याच्यानंतर थांबतोय तो माणूस हाय काय? अर्ध्या तासानं मी सुट्टी संपवली. मग चहाची सुट्टी दिली. ती पण संपवली. त्या दिवशी फौंड्री साडेतीनला सुटली आणि माणसं सूर्याकडं बघत घरी गेली. असं चौदा बारीला झालं. पंधराव्यांदा सुंई म्हणायच्या जागी नुसतं ‘सुं’ झालं, मग कर्रर्र, मग काय न्हाई.

मिस्त्रींनी आधी कानफाडात दिली, मग चहा दिला. तेलाविना दांडा जाम झालता, चक्रीची पाती वाकलती. दुसरा टर्बो मिळायचा न्हाई, आणि तात्या सकाळी ट्रक न्ह्यायला येणार. शेवटी मिस्त्रींनी आतला दांडा, दोन्ही चक्र्या काढून टाकल्या, तेलाची नळी बुजवली आणि नुसतं कवच परत बसवलं. भाईरनं टर्बो, आतनं रिकामा डबा. पण शिट्टीचं काय? यार्डात सगळ्यांस्नी शिट्टीची आशा लावलेली. मग मी लेथवर पितळेची एक शिट्टी केली आणि सायलेन्सरच्या नळीत बसवली. तेवढा येळ मिस्त्री भाईर जाऊन आकाशाकडं बघत उभं ऱ्हायलं.

सोमवारी चिरे भरून आमी घाटाच्या पायथ्याला आलो. चाक तात्यांच्या हातात. मी मनात बीजगणिताची पुस्तकं मोजत होतो. आणि दाजी, ट्रक चढला! नुसता चढला न्हाई, शिट्टी मारत चढला. एक एसटी मागं पडली. हाटेलापाशी पोचलो तवा भजी अजून कढईत होती. तात्या खाली उतरलं, बॉनेटला हात जोडलं आणि हुंदका देऊन म्हणालं, “दोन वर्सं तुला नावं ठेवली गं बाई, माफ कर.” मला पण रडू आलं. (माझं रडू भजी तिखट होती म्हणून.)

असं कसं झालं, हे मला कळंना. मिस्त्रींस्नी इचारलं. ते फडक्याला हात पुसत म्हणालं, “धोतर.”

तो बोळा दाजी! दोन पावसाळ्यामागं रस्त्यावर पाणी आलतं तवा इंजिनात जाऊ नये म्हणून तात्यांनीच पाईपात कोंबलता आणि इसरलं. बिचारा ट्रक दोन वर्सं नाक दाबून घाट चढत होता. आता मी करू काय? टर्बो पोकळ हाय म्हटलं तर मी शाळेत जातोय, आणि धोतराचं सांगितलं तर मी घरातनंच जातोय.

बाकी इकडं सगळं खुशाल. काळजी नसावी.

आपला,
कृष्णात

ता. क. — तात्या गुरुवारी ट्रक घेऊन नेसरीला येत्यात. मिल्ट्रीतला माणूस वा म्हणंल तर खरं, असं ते यार्डात म्हणालेत. तुमी म्हणा. बॉनेट उघडलं तर लांबनं मान हलवा, ‘ओढ हाय’ म्हणा. हात लावू नका.

ता. क. — तुमच्या ट्रॅक्टरला पण तसलाच एक बसवायचा म्हणून तात्या मिस्त्रींच्या मागं लागलं, मिस्त्रींनी नाइलाजानं दुसरं एक पोकळ कवच दिलं, आणि तात्या ते टर्बो समजून घेऊन येत्यात, भेट म्हणून. न्हाई म्हणू नका. बसवून घ्या. त्रास काय न्हाई, आत कायच नसतंय.

ता. क. — पोस्टानं हे पत्र गुरुवारच्या आत पोचायचं न्हाई, म्हणून तात्यांच्याच हातात देतोय. चष्म्याशिवाय त्यांस्नी अक्षर लागत न्हाई, आणि चष्मा माझ्या खिशात हाय. म्हंजे आत्ता ते तुमच्या समोर बसून चहा पीत असत्याल. दाजी, पाया पडतो, मोठ्यानं वाचू नका. आक्का म्हणंल, काय लिवलंय वो त्यानं? मजेत हाय म्हणा. तिला सांगू नका, कुणालाच सांगू नका. आणि तेवढं हसायचं थांबवा, तात्या बघायला लागलं असत्याल.